वादळाच्या नावावर खपवलेलं दार

प्रिय पोरी,

तुला 'प्रिय' म्हणायची माझी ही पहिलीच वेळ. समोर असलीस की 'अगं ऐक', 'कुठे उलथलीस', 'ते झाकण लाव आधी' असंच आपलं चालतं, आणि तूही 'आले आई' म्हणत निम्मं ऐकतेस, निम्मं सोडून देतेस. आधी 'चि. सौ. सूनबाईस' असं लिहिलं होतं. वाचल्यावर आमंत्रणपत्रिका वाटली, म्हणून खोडलं. फोन करावा तर तुझा फोन तुझ्याकडे नाही, आणि तुझ्या जबड्याला तारा बांधलेल्या. तुझ्या दादाच्या फोनवर मी बोलत राहणार आणि तू नुसतं हूं हूं करणार. एरवी मला ते चाललं असतं, तुला ठाऊकच आहे. या वेळी मात्र मला तुझं उत्तर हवंय. म्हणून समोरच्या सुताराच्या हाती हे पत्र देतेय. तो ते तुझ्याच हातात देईल, दुसऱ्या कुणाच्या नाही. आणि हे बघ, शेवटचं पान आधी उलटू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

घराची खबर आधी देते. घर उभं आहे. वरचे पत्रे गेले. काही शाळेच्या मैदानात मिळाले, एक विजेच्या खांबाला असा गुंडाळून बसलाय की खांबानं शाल पांघरल्यासारखं दिसतं. पाण्याची टाकी सुताराच्या अंगणात जाऊन पडली. तो म्हणतो, पाणी वाटेत सांडलं, टाकी तेवढी घेऊन जा. तुमच्या पुढच्या खोलीची खिडकी चौकटीसकट उखडली. ही खिडकी लक्षात ठेव, पुढे तिचं काम आहे. खाली माझ्या खोलीत भिंतीला ओल आलीय आणि गादी वाळता वाळत नाही, पण माझं काही अडलेलं नाही.

आता विम्याचं. तुझ्या सासऱ्यांचं कागदाचं वेड तू पाहिलंयस. सारी नोकरी कोर्टात कारकुनी केली, त्यामुळे घरातल्या माणसावरही त्यांचा भरवसा बसायचा तो सही झाल्यावर. तुम्ही दोघं वर राहायला गेलात तेव्हा त्यांनी रीतसर भाडेकरार केला, आणि तोही तुझ्या नावानं, कारण औषधांच्या दुकानात नोकरी होती तुझी, आणि तुझा नवरा तेव्हा 'बघतोय, बघतोय' करत घरी बसलेला. गल्ली हसली. सुनेकडून भाडं घेणारा सासरा! मीसुद्धा आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. शिवाय त्यांनी भाड्यानं दिलेल्या घराचा विमा उतरवला. वादळ आलं, आग लागली, तर कंपनी भरून देणार. आणि घरामुळेच भाडेकरूला इजा झाली, म्हणजे छत कोसळलं, जिना ढासळला, तर त्या भाडेकरूलाही देणार. ते गेल्यावरही मी हप्ते भरत राहिले. वर गेल्यावर पहिला प्रश्न तोच विचारतील, अशी मला खात्री होती.

वादळाच्या दिवसाबद्दल तुला मी काय सांगणार. पण मला खाली काय ऐकू आलं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते. भर दुपारी अंधारून आलं आणि वारा सुटला तो घराशी जुनं वैर असल्यासारखा. दारं भिंतींवर आपटली, बिजागऱ्या उचकटल्या, स्वयंपाकघरातली काच फुटून सगळी जमिनीवर सांडली. रस्त्यावरचं झाड मुळासकट उपटून एका मोटारीवर पडलं आणि तिचा भोंगा जो वाजायला लागला तो थांबेचना. वर पत्रे सुटत होते. खिळे लाकडातून उपसले जातात तेव्हा किंचाळतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी डोक्यावर उशी घेऊन टेबलाखाली बसले होते, या वयात, गुडघे छातीला लावून. माणसाला मारून टाकायलाच आलंय हे, असं मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू, मी रडले.

आणि त्या सगळ्या कल्लोळात एक आवाज वेगळा होता. धप्प. मग थोडी उसंत. पुन्हा धप्प. मग उसंत. वाऱ्याला दम लागत नाही, पोरी. तो आवाज मात्र दम खात होता. मला वाटलं कपाट आपटतंय. मग माझ्या मनात आलं, कपाट तुमच्या अंगावर पडेल, आणि मी उशी टाकून बाहेरच्या जिन्यानं वर निघाले. कठडा निम्मा उडाला होता. मी पायऱ्यांवर हातपाय टेकून, रांगणाऱ्या पोरासारखी चढले. पदर वाऱ्यानं तोंडावर गुंडाळला, तो सोडवून वर पाहते तर तुझा नवरा तुला घेऊन खाली येत होता.

ते चित्र मिटता मिटत नाही. तुझा जबडा एका बाजूला सरकलेला, तोंड उघडं, दात दिसत होते आणि दातांच्या मध्ये रक्त. उजवा हात कोपराच्या खाली असा लोंबत होता की तिथे आणखी एक सांधा असावा. आणि तो हमसाहमशी रडत होता. 'आई, खिडकी पडली गं हिच्या अंगावर, आई, काहीतरी कर.' मी केलं. सुताराचा टेम्पो काढायला लावला, पडलेल्या फांद्या त्यानं हातकरवतीनं कापल्या आणि आपण निघालो. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. प्रत्येक खड्ड्याला तुझ्या घशातून एक बारीक आवाज यायचा. तुझा नवरा पुढे बसून डोकं काचेवर आपटून घेत होता, आणि मी, त्याची आई, एका हातानं तुझी जीभ घशात जाऊ नये म्हणून हनुवटी धरली होती आणि दुसऱ्या हातानं त्याच्या पाठीवर थोपटत होते. त्या दुसऱ्या हाताचा मला आता फार राग येतो.

दवाखान्यातून तुला दादा परस्पर घेऊन गेला ते बरं झालं. घराला छप्पर नव्हतं, त्यामुळे तुझ्या नवऱ्यालाही 'नको' म्हणता आलं नाही. 'छप्पर झालं की आणतो तिला' एवढंच म्हणाला.

आणि मग त्याच्या अंगात असा काही उत्साह संचारला म्हणून सांगू! साधा दिवा बदलायचा तर महिना महिना आज-उद्या करणारा हा प्राणी, त्यानं विमा कंपनीला फोन लावले, फोटो काढले, अर्ज भरला. मी आपली कौतुकानं बघत होते. वाटलं, बायको मरता मरता वाचली, जबाबदारी कळली पोराला. अर्जात त्यानं नुकसान नोंदवलं: छप्पर, टाकी, खिडकी, आतल्या खोलीचं दार, आणि भाडेकरूला झालेली इजा. त्याची हकिकत अशी की वाऱ्यानं खिडकी चौकटीसकट आत फेकली, ती तुझ्या तोंडावर बसली आणि पुढे जाऊन तिनं आतल्या खोलीचं दारही फोडलं. मालक म्हणून सही तेवढी माझी हवी होती. म्हणजे मी लिहून द्यायचं की माझ्या घरानं तुला जखमी केलं. मी पेन शोधतसुद्धा होते. चष्मा सापडला नाही म्हणून राहिलं.

कंपनीतल्या मुलीनं फोनवर बजावलं होतं, पाहणी होईपर्यंत काही हलवू नका, केरसुद्धा काढू नका. तुझा नवरा म्हणाला, आतली खोली तेवढी झाडून घेतो. मी म्हटलं, मुळीच नाही. शेवटी मी त्या कोर्टातल्या कारकुनाची बायको. मी वरच्या मुख्य दाराला माझं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. तो माझ्याशी हुज्जत घालत राहिला, लाकडाच्या ढलप्या कुणाच्या पायात जातील म्हणून. तेव्हा मला वाटलं, किती काळजी आहे याला.

पाहणीला कंपनीचा माणूस आला तो तिशीतला, डोक्यावर हेल्मेट, खांद्याला बॅग, आणि तोंडानं भलताच बोलघेवडा. मला येता-जाता 'आजी, आजी' करत होता. पत्रे पाहिले, मान्य. टाकी मान्य. मग पुढच्या खोलीत आला आणि वाकून जमीन बघू लागला. खोलीत पाणी होतं, पालापाचोळा होता, पण काच नव्हती. त्यानं खिडकीच्या भोकातून खाली डोकावलं. चौकट बाजूच्या बोळात पडलेली, आणि काचांचा खच सगळा तिच्याभोवती. तो म्हणाला, वाऱ्यानं ही खिडकी बाहेर ओढली आजी, आत नाही फेकली. असं पुष्कळ ठिकाणी झालंय. त्यावर तुझा नवरा म्हणाला, मग दुसरं काहीतरी उडून लागलं असेल, मी काय मोजपट्टी घेऊन उभा होतो का? एवढ्यावर भागलंही असतं. कंपनीच्या माणसानं मान डोलावली, आणि मग कागद बघून म्हणाला, यादीत आतल्या खोलीचं दार आहे, ते बघू.

ते दार तुझ्या नवऱ्यानं यादीत घातलंच नसतं, तर आतल्या खोलीत कुणी पाऊल टाकलं नसतं. इतका शहाणा, आणि इथे हावरटपणा नडला. की हावरटपणा नव्हेच? मला वाटतं, त्याला ते दार वादळाच्या नावावर लावून कायमचं मिटवायचं होतं. कागदावर आलं की झालं, हे त्याच्या बापाचं शिक्षण.

तुला आठवतं, त्या खोलीला आतून कडी हवी म्हणून तू माझ्याकडे आली होतीस? भाडेकरू म्हणून तू कधी काही मागितलं नाहीस. नळ गळायचा, रंग उडाला होता, तुझा शब्द नाही. आणि मागितलं ते काय, तर अडगळीच्या खोलीला आतून लोखंडी कडी. मी केवढी चेष्टा केली तुझी! काय खजिना आहे का आत, की नवऱ्याला चुकवून कादंबऱ्या वाचायच्यात? तू हसलीस. सुतारानं चांगली बोटभर जाड कडी ठोकून दिली.

ती कडी शाबूत आहे, पोरी. आम्ही गेलो तेव्हाही घट्ट लागलेली होती. दार तिच्या भोवतीनं फुटलंय. मधली फळी आत गेलीय, माणूस वाकून शिरेल एवढी, आणि फळीवर वाटोळे खळगे आहेत, एकाला लागून एक. त्या खोलीला खिडकी नाही, वर सिमेंटचं छत आहे. आत पावसाचा थेंब नव्हता. रद्दीचा गठ्ठा कोरडा, डबे फळीवर ओळीनं उभे. दाराच्या एका ढलपीत तुझे केस अडकलेले होते, मुळासकट. आणि मागच्या कोपऱ्यात भिंतीवर रक्ताचे डाग, माझ्या गुडघ्याच्या उंचीला. म्हणजे तू खाली बसली होतीस. कोपऱ्यात, हात डोक्यावर धरून बसली होतीस, म्हणून आधी हात मोडला आणि मग जबडा. हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. मी तिथे उभी राहिले आणि मला कळलं.

कंपनीच्या माणसानं हेल्मेट काढून हातात घेतलं. फार हळू म्हणाला, 'आजी, वारा एकाच जागी पुन्हा पुन्हा मारत नाही.'

मी पुढच्या खोलीत गेले. तुझ्या नवऱ्याचे ते व्यायामाचे डंबेल असतात ना कपाटाशेजारी, त्यातलं एकच जागेवर होतं. दुसरं मी खाटेखालून ओढून काढलं. एका हातानं उचलेना, दोन्ही हातांनी धरून छातीशी घेऊन आले आणि त्याचं तोंड दारावरच्या एका खळग्याला लावून बघितलं. बसलं. दुसऱ्याला लावलं, तेही बसलं. तिसऱ्याला लावणार तेवढ्यात तुझा नवरा दारातून म्हणाला, 'आई, ठेव ते खाली.' आवाज चढवला नव्हता. त्या साध्या आवाजाची मला जेवढी भीती वाटली तेवढी वादळाचीही वाटली नव्हती.

कंपनीचा माणूस म्हणाला, वादळाचं जेवढं आहे तेवढं मी लिहितो, बाकीच्याचं मालकांनी काय ते सांगावं. तो गेला. म्हणजे कुंपणाबाहेर जाऊन पोलिसांना फोन लावत उभा राहिला, त्याच्यातही माणुसकी होती म्हणायची. आणि घरात आम्ही दोघं राहिलो.

आधी लाडीगोडी झाली. आई, तू थकलीस, चष्मा दे पुसून देतो, इथे सही कर. मग बापाचं नाव काढून झालं. मग मोठ्यानं सुरू झालं, 'ती स्वतः म्हणाली ना खिडकी पडली म्हणून! तू कोण मधे?' मी म्हटलं, मी घरमालकीण. बस्स, एवढंच म्हटलं. त्यानं माझी मान धरून तोंड टेबलावर दाबलं, कागदावर. शाईचा वास नाकात गेला. उजव्या हातात पेन कोंबलं आणि मनगट असं पिरगाळलं की बोटं आपोआप मिटली. माझ्या नाकातून रक्त आलं ते त्याच्याच अर्जावर सांडलं. मी ओरडले नाही, कारण गालाला टेबल होतं. पण त्याचा दुसरा हात माझ्या तोंडापाशी होता.

मी चावले. हो, सरळ चावले, अंगठ्याच्या मुळाशी, आणि सोडलंच नाही. ती कवळी तूच मागे लागून करवून घेतलीस ना, 'आई, नीट चावता येईल' म्हणून? आलं बघ नीट चावता. तो असा विव्हळला की सुतार करवत टाकून धावत आला. कंपनीचा माणूसही आला. तोपर्यंत तुझ्या नवऱ्यानं मला झटकून भिंतीवर फेकलं होतं आणि खुर्ची उचलली होती, डोक्याच्या वर. त्या वेळी मला त्याचा चेहरा समोरून दिसला. जन्मल्यापासून तो चेहरा मी पाहतेय, पण हा कधी पाहिला नव्हता. हा तू पाहत होतीस, आणि मी खाली बसून तुझी चेष्टा करत होते. सुतारानं मागून त्याला कवेत धरलं. खुर्ची माझ्या शेजारी भिंतीवर फुटली. मग तो जिन्यात बसून लहान पोरासारखा हातावर फुंकर घालत राहिला आणि पोलीस येईपर्यंत 'आई चावली मला, आई चावली' एवढंच म्हणत होता.

मला लोक विचारतात, भांडण कशावरून झालं होतं त्या दुपारी? मला माहीत नाही आणि मला ते तुला विचारायचंही नाही. कारण विचारलं की वाटाघाटी सुरू होतात. त्याच्या बापानं जन्मात माझ्यावर हात उचलला नाही. जेवणात मीठ जास्त झालं तर ते पाणी पिऊन गप्प बसायचे. त्यामुळे तो आवाज कसा असतो हे माझ्या कानाला कधी कळलंच नव्हतं. आता कळलंय. आता गल्लीत कुणी पाटी आपटली तरी मी उभी राहते.

अर्जातलं छप्पर, टाकी आणि खिडकी मी ठेवली. दार आणि तुझी इजा मी माझ्या हातानं खोडली, सुजलेल्या मनगटानं, आणि खोडलेल्या जागी सही केली. माझं घर जुनं आहे, गळतं, जिना अरुंद आहे, सगळं मान्य. पण माझ्या घरानं तुला मारलेलं नाही, आणि तसं मी लिहून देणार नाही. ते दार पोलीस घेऊन गेले, कडीसकट. जिन्यातून उतरवताना सुतारानं हात लावला. नंतर तो विचारत होता, नव्या दाराला कडी आतून लावायची ना, पहिल्यासारखी? मी त्याच्यावर खेकसले. आतून कडी घालून बसावं लागेल असा माणूस त्या घरात पुन्हा राहणार नाही. तुझ्या नवऱ्याचे कपडे मी बोचक्यात बांधून त्याच्या मित्राकडे धाडलेत. करार तुझ्या नावाचा आहे. भाडेकरू तू आहेस, तो नुसता राहत होता. गल्ली ज्या कागदाला हसली तो कामाला आला म्हणून मी यांच्या फोटोसमोर उभी राहून, जन्मात पहिल्यांदा, 'तुमचं बरोबर होतं' म्हटलं.

तो कोठडीत आहे. मी रोज डबा घेऊन जाते. माझाच आहे तो, त्याला उपाशी ठेवणार नाही. सोडवून मात्र आणणार नाही. काल जाळीतून म्हणाला, आई, तू तरी माझी ना? मी म्हटलं, भाजी संपव, डबा परत न्यायचाय. बाहेर येऊन मी ठाण्याच्या पायरीवर बसले आणि तिथे असलेल्या लोकांची पर्वा न करता ओक्साबोक्शी रडले. त्याला पहिल्यांदा चालताना मी पाहिलंय. हे सगळं एकाच आईच्या पोटात कसं मावतं ते देवालाच ठाऊक.

आता तू शेवटावर आलीस, तर हे पत्र कशासाठी ते सांगते. पोलीसबाई म्हणतात, माझी जबानी आहे, कंपनीच्या माणसाचे फोटो आहेत, दार आहे. पण जिला लागलं तिच्या तोंडचा शब्द दवाखान्याच्या कागदावर 'खिडकी' असा नोंदलेला आहे, आणि त्याचा वकील तेवढ्याच शब्दावर उभा आहे. तो शब्द राहिला तर तो सुटेल, आणि सुटला की पहिला तुझ्या दादाच्या दारात येऊन उभा राहील. त्या दारालाही कडी असेलच. मी दवाखान्यात जाऊन नर्सला भेटले. तिनं आधी सांगायला का कू केलं, मग सांगितलं. ऑपरेशनला आत नेताना तिनं तुला विचारलं होतं, हे खरंच खिडकीनं केलं का? तू तिचा हात धरलास आणि त्या तुटक्या जबड्यानं म्हणालीस, 'आईंना कळू देऊ नका, त्यांना त्याच्याशिवाय कुणी नाही.' म्हणजे इतकी वर्षं तू मला राखत होतीस, माझ्याच डोक्यावरच्या खोलीत मार खात. तर ऐक आता. मला कळलंय. सगळं कळलंय, आणि मी अजून उभी आहे, नाक तेवढं सुजलंय. माझ्यासाठी गप्प राहायचं कारण संपलं. पोलीसबाई परवा तुझ्याकडे येतील, कागद-पेन घेऊन येतील, तुला बोलावं लागणार नाही. त्याची आई म्हणून मी तुला हात जोडून सांगते, माझ्या मुलाविरुद्ध लिही. जे झालं ते सगळं लिही, पहिल्या दिवसापासून. लिहिताना माझी आठवण आली आणि हात थांबला, तर तो हात ज्यानं मोडला त्याची आठवण काढ आणि डाव्या हातानं लिही. नंतर घरी ये. वर नवे पत्रे चढलेत, खाली मी आहे.

तुझीच,
आई